झेनॉन हेडलाईट : उजेड आपल्याला, अंधारी समोरच्याला



दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतो, मोळी गव्हाणीत पडते आणि आपल्या भागातले रस्ते रात्रंदिवस वाहू लागतात. बेणे, खत, पाणी आणि खोडवा या विषयांवर आपण या अंकांतून नेहमीच बोलतो. या खेपेस मात्र थोडा वेगळा विषय घेतला आहे. तो म्हणजे आपल्या गाड्यांचे पुढचे दिवे, आणि त्यातही अलीकडे हौसेने बसवले जाणारे झेनॉनचे पांढरेशुभ्र दिवे. वाहतुकीच्या दिवसांत हा विषय ऊसतोडीइतकाच जिव्हाळ्याचा आहे. तो कसा, हे एका प्रसंगावरून सांगतो.

मागच्या हंगामात रात्री आम्ही जीपने कारखान्याहून गावाकडे निघालो होतो. समोरून एक मोटार आली. दिवे असे, की वेल्डिंगकडे पाहावे तसे डोळे दिपले. आम्ही दोनदा डिपर मारला, पण समोरच्याचे दिवे काही खाली येईनात. मोटार बाजूने निघून गेली आणि क्षणभर पुढे नुसता काळोख. काळोखातून एकदम उसाने भरलेल्या टायरगाडीची पाठ दिसली. ब्रेक करकचून दाबला. गाडी दोन हातांवर थांबली. गाडीवान खाली उतरून म्हणाला, "मालक, हे असलं रोज चाललंय. लायटीनं बैलं बुजत्यात, अन् मागून येणाऱ्याला आम्ही दिसत नाही. सांगायचं कुणाला?"

दुसऱ्या दिवशी चौकशी केली, तर ती मोटार आपल्याच एका सभासदाची निघाली. गृहस्थ सज्जन. म्हणाले, "अहो, माझे दिवे डिपरवरच होते! तालुक्याच्या दुकानातून झेनॉनचं कीट घालून घेतलंय. आम्हाला तर लांबपर्यंत लख्ख दिसतं." दोघेही खरे बोलत होते. त्यांना लख्ख दिसत होते आणि आम्हाला काहीच दिसत नव्हते. असे का होते, कायदा त्याबद्दल काय म्हणतो आणि या दिव्यांत कोणते बिघाड येतात, हे नीट समजून घेऊ.

झेनॉनचा दिवा म्हणजे काय?

आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांत हॅलोजनचा बल्ब असतो. त्यात बारीक तार तापून उजेड देते. झेनॉनच्या दिव्यात तारच नसते. क्वार्ट्झच्या काचेची छोटी कुपी असते. तिच्यात झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार दाबाखाली भरलेले असतात. आत समोरासमोर दोन टोके असतात व त्यांच्यात सुमारे चार मिलिमीटरची फट असते. या फटीतून विजेची ठिणगी सतत पेटती राहते. वेल्डिंगचा आर्क आपण पाहतोच, त्याच जातीचा हा उजेड, फक्त बंद कुपीतला.

ही ठिणगी पेटवायला बॅटरीचे बारा व्होल्ट पुरत नाहीत. त्यासाठी बॅलास्ट नावाची डबी असते. ट्यूबलाईटचा चोक आपल्याला माहीत आहे, त्याचेच काम हिच्याकडे. पेटवताना ही डबी वीस हजार व्होल्टच्या वर दाब तयार करते. एकदा दिवा पेटला की तो थोड्या व्होल्टवर चालतो. डी१ आणि डी२ जातीच्या बल्बात हा दाब सुमारे ८५ व्होल्ट असतो. डी३ आणि डी४ या बिनपाऱ्याच्या बल्बांत तो सुमारे ४२ व्होल्ट असतो. म्हणूनच एका जातीचा बल्ब दुसऱ्या जातीच्या डबीवर चालत नाही.

उजेडाचे माप ल्यूमेनमध्ये करतात. साठ-पंचावन्न वॅटचा नेहमीचा एच४ हॅलोजन बल्ब डिपरवर सुमारे १००० ल्यूमेन देतो. डी२एस जातीचा झेनॉन बल्ब ३५ वॅटमध्येच सुमारे ३२०० ल्यूमेन देतो. वीज कमी, उजेड तिप्पट! शिवाय आयुष्यही जास्त, साधारण दोन हजार तासांच्या घरात. दिवा उत्तमच आहे, यात शंका नाही. १९९१ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने सात मालिकेच्या मोटारीत तो प्रथम दिला आणि पुढे तो जगभर पसरला. नव्या मोटारींत आता एलईडीने त्याची जागा घेतली आहे. पण जुन्या बाजारात घेतलेल्या भारी मोटारींत कंपनीचा झेनॉन दिवा आजही सापडतो, आणि बाजारातली कीटे तर कोणत्याही गाडीला बसवून मिळतात. यातला कंपनीचा दिवा आणि बाजारातले कीट, या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नुसता बल्ब म्हणजे दिवा नव्हे

पाच अश्वशक्तीच्या हिशोबाने पाइपलाईन टाकली आणि तिच्यावर दहाची मोटर बसवली, तर पाणी दुप्पट येत नाही. सांधे फुटतात आणि पाणी शेजाऱ्याच्या वावरात जाते. दिव्याचेही तसेच आहे. बल्ब, मागची चकचकीत वाटी, पुढची काच आणि दिव्याचा कल ही सगळी मिळून एक रचना असते. त्यातले एकच अंग बदलले की बाकीचे बिघडते.

एच४ हॅलोजन बल्ब हातात घेऊन पाहा. डिपरच्या तारेखाली पत्र्याची चिमुकली वाटी दिसेल. खाली जाणारा उजेड ती अडवते, म्हणून तो वाटीवर आपटून वर समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. तार नेमकी कुठे असावी हे अर्ध्या-पाव मिलिमीटरच्या हिशोबात ठरलेले असते. त्या जागी झेनॉनचा बल्ब घातला की उजेडाची जागा बदलते, आकार बदलतो, आणि तिप्पट उजेड वाट फुटेल तिकडे पसरतो. रस्त्यावर थोडा, झाडांच्या शेंड्यांवर थोडा आणि समोरच्याच्या डोळ्यांत पुष्कळ. आपल्याला मात्र गाडीपुढची जमीन पांढरीफेक दिसते आणि वाटते की काम झाले. खरे तर जवळची जमीन फार उजळली की आपल्याच डोळ्याची बाहुली बारीक होते आणि लांबचे उलट कमी दिसते.

कंपनीच्या झेनॉन दिव्यात यासाठी वेगळी सोय असते. डी२एसमधला शेवटचा 'एस' हा भिंगाच्या दिव्यासाठी, ज्याला गॅरेजवाले प्रोजेक्टर म्हणतात. डी२आरमधला 'आर' हा वाटीच्या दिव्यासाठी. त्याच्या काचेवर काळ्या रंगाचे पट्टे असतात, नको त्या दिशेचा उजेड अडवायला. म्हणजे झेनॉनच्या झेनॉनमध्येसुद्धा अदलाबदल चालत नाही.

आता कलाचा हिशोब पाहू. डिपरचा उजेड साधारणपणे शंभराला एक या उताराने खाली पडतो. दहा मीटरवर दहा सेंटिमीटर खाली. आणि गाडीचे नाक एका अंशाने जरी वर उचलले, तरी दहा मीटरवर उजेड सतरा सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे सगळा उतार संपून उजेड आभाळाकडे! डिकीत खताच्या दोन-चार गोण्या टाकल्या आणि मागे तीन माणसे बसली की नाक वर उचलायला वेळ लागत नाही. हॅलोजनला हे निभावते, तिप्पट उजेडाला निभावत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांत, जे युरोपात पाळले जातात, २००० ल्यूमेनच्या वरच्या अशा डिपर दिव्याला दोन अटी घातल्या. भार बदलला की कल आपोआप सावरणारी यंत्रणा हवी, आणि काच धुणारी पाण्याची पिचकारी हवी. काचेवर चिखल बसला तर उजेड फाकतो, यासाठी ही पिचकारी. बाजारच्या कीटात या दोन्हींपैकी काहीच नसते.

कायदा काय म्हणतो?

"आपली गाडी, आपला दिवा, कोण विचारतो?" असे पुष्कळांना वाटते. कायदा विचारतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातील नियम १०६ चकाकीबद्दल आहे. त्यात साधी कसोटी दिली आहे. दिव्यापुढे आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर माणसाचा डोळा असेल, तर तो दिपता कामा नये. उजेड कायम खाली वळवलेला असला पाहिजे. दीड मीटर म्हणजे सुमारे पाच फूट. मोटारसायकलवाल्याचा, पायी चालणाऱ्या ऊसतोड मजुराचा डोळा साधारण याच उंचीवर येतो. नियम कुणासाठी केला आहे, ते यावरून कळावे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचे कलम ५२ सांगते की कंपनीने दिलेल्या व नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ साली या अधिनियमात दुरुस्ती झाली. तिच्यातील कलम १८२-अ अन्वये मालकाने परवानगी नसलेला बदल केला, वरून सुटे भाग बसवून घेतले तरी तो त्यात येतो, तर प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. रस्ता-सुरक्षेचे निकष मोडणारी गाडी सार्वजनिक जागी चालवली, तर कलम १९० लागू शकते. त्यात पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन रद्द ठेवण्याची तरतूद आहे.

कंपनीतून झेनॉन दिवा घेऊन आलेली गाडी मात्र कायदेशीर आहे. कारण त्या दिव्यासह त्या नमुन्याच्या गाडीची तपासणी होऊन मान्यता मिळालेली असते. आपल्या देशात अशी तपासणी करणाऱ्या संस्थांपैकी एक, ए.आर.ए.आय., पुण्यातच आहे. नियमबाह्य आहे तो नंतर घातलेला बल्ब. एलईडीच्या कीटाला, शंभर-नव्वद वॅटच्या हॅलोजन बल्बालाही हेच लागू. "एलईडी आहे, झेनॉन नाही" ही पळवाट नव्हे.

आपला दिवा मूळचा कशासाठी आहे, हे काचेवरच्या शिक्क्यावरून ओळखता येते. आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या शिक्क्यात 'एच सी', 'एच आर' किंवा 'एच सी आर' ही इंग्रजी अक्षरे असली तर दिवा हॅलोजनचा. 'डी सी' किंवा 'डी सी आर' असली तर झेनॉनचा. 'एच'च्या दिव्यात झेनॉनचा बल्ब दिसला की समजावे, हे काम नियमाबाहेरचे आहे.

आणखी एक सावधगिरी. भंगारातल्या परदेशी मोटारींचे प्रोजेक्टर दिवे काही ठिकाणी विकायला असतात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, म्हणून आपल्या डिपरचा उजेड डावीकडे, म्हणजे कडेच्या बाजूला थोडा वर चढवलेला असतो. युरोपातले बहुतेक देश उजवीकडून चालतात. त्यांचा दिवा उजवीकडे चढतो. तो इथे बसवला की उजेड नेमका समोरून येणाऱ्याच्या तोंडावर! आपल्या बाजूच्या दिव्याच्या शिक्क्याखाली, दिव्याकडे तोंड करून पाहिले असता, उजव्या हाताकडे जाणारा बाण असतो. दोन्हीकडे बाण असला तर दिवा दोन्ही पद्धतींना चालतो. बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशाचा समजावा.

नेहमीचे बिघाड आणि त्यांचे कारण

जुन्या बाजारातून मोटार घेणाऱ्या सभासदांनी हा भाग नीट वाचावा. कंपनीचा झेनॉन दिवा दुरुस्तीला महाग असतो. दोष कशात आहे हे कळले, तर गॅरेजमध्ये नाहक खर्च होत नाही.

१. उजेड गुलाबी-जांभळा दिसू लागला : बल्बाचे आयुष्य संपत आले. शक्यतो दोन्ही बल्ब एकदम बदलावेत, नाहीतर एक पांढरा व एक पिवळट असे वेगवेगळे रंग दिसतात.

२. दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो, बंद करून चालू केला की पुन्हा लागतो : बल्ब म्हातारा झाला आहे किंवा बॅलास्टची डबी जात आली आहे. डाव्या-उजव्या बल्बांची अदलाबदल करून पाहावी. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब बदला. जागच्या जागीच राहिला तर डबी किंवा वायरिंग पाहा. एवढ्या साध्या परीक्षेने डबीचा खर्च पुष्कळदा वाचतो.

३. काचेच्या आत पाणी, दव : मागचे झाकण नीट लागलेले नाही किंवा रबर फाटले आहे. पुष्कळ गाड्यांत बॅलास्टची डबी दिव्याच्या तळाशी असते, तिथे पाणी साचून ती गंजते. झाकण दहा पैशांचे, डबी हजारांची, असा हा प्रकार. गाडी प्रेशरने धुतल्यावर हे आवर्जून पाहावे.

४. दिवे एकदम खाली पडले किंवा वर चढून बसले : कल सावरणाऱ्या यंत्रणेची छोटी दांडी मागच्या ॲक्सलजवळ असते. शिवाररस्त्यावर दगड लागून ती तुटते किंवा चिखलाने अडकते. गॅरेजवाले पुष्कळदा दिवाच उघडतात, दोष मात्र मागच्या चाकापाशी असतो.

५. नवा बल्ब घालूनही उजेड मिणमिणता : प्रोजेक्टरच्या आतली वाटी उष्णतेने करपली आहे, किंवा पुढची प्लास्टिकची काच उन्हाने पिवळी पडली आहे. पॉलिश केल्याने काच काही काळ स्वच्छ होते. पण वरचा संरक्षक थर निघून गेल्यामुळे ती पुन्हा पिवळी पडते. नवा थर दिला तरच टिकते.

६. कीटाचे खास दोष : कनेक्टर वितळणे, फ्यूज उडणे, रेडिओत खरखर. एच४च्या जागी बसणाऱ्या कीटात अपर-डिपरसाठी बल्ब पुढे-मागे सरकतो. तो अडकला की दिवा अपरवरच राहतो आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो. आमच्या त्या सभासदांचे नेमके हेच झाले होते. ते डिपरचे बटण प्रामाणिकपणे दाबत होते, आत बल्ब मात्र जागचा हलत नव्हता.

एक इशारा मात्र ध्यानात ठेवा. चालू झेनॉन दिव्याच्या वायरीत हात घालू नये. पेटतानाचा दाब जिवाला धोका करू शकतो. आधी दिवा बंद, चावी काढलेली, बॅटरीची तार सोडलेली, बल्ब गार झालेला, आणि मगच काम. कुपीला उघड्या बोटांनी हात लावू नये. डी१ आणि डी२ बल्बात थोडा पारा असतो. तो फुटला तर दारे-खिडक्या उघडाव्यात, तुकडे हातमोज्याने उचलावेत आणि पोरांच्या हाती लागू देऊ नयेत.

मग जास्त उजेड हवा असेल तर?

उजेड हवा ही मागणी रास्तच आहे. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला, गाडी खाली करून परतणाऱ्याला तो हवाच. पण त्यासाठी कीट लागत नाही. पंपाला व्होल्टेज कमी मिळाले की काय होते ते आपण जाणतोच. हॅलोजनचेही तसेच आहे. बल्बापाशी व्होल्टेज दहा टक्के घटले, तर उजेड सुमारे तीस टक्के घटतो. जुन्या गाडीत बारीक, गंजलेली वायर आणि सैल अर्थिंग यांनीच एवढे नुकसान होते. जाड वायर, चांगला रिले, घासून घट्ट केलेले अर्थिंग, साठ-पंचावन्न वॅटचे नवे चांगले बल्ब आणि स्वच्छ काच, एवढे केले तर त्याच दिव्याचा उजेड ओळखू येणार नाही इतका सुधारतो.

शेवटी कल तपासावा. सपाट जागी, नेहमीच्या भारासह गाडी भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खूण करा. त्या खुणेच्या दहा सेंटिमीटर खाली डिपरच्या उजेडाची वरची कड आली पाहिजे. जास्त वर असेल तर दिव्यामागच्या स्क्रूने ती खाली आणून घ्या. दिव्यावर किंवा गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल, तर तो प्रमाण मानावा.

आपल्या रस्त्याची गोष्ट

ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. दिपलेला डोळा सावरायला तीन सेकंद जरी लागले, तरी गाडी पन्नास मीटर आंधळी धावते. वय झालेल्या माणसाला याहून जास्त वेळ लागतो. त्या पन्नास मीटरमध्ये आपल्याच उसाची टायरगाडी असते, बंद पडलेला ट्रेलर असतो, कडेने चालणारी तोडणी कामगारांची बायकापोरे असतात.

म्हणून दोन्ही बाजूंनी काळजी हवी. ट्रॅक्टर-ट्रेलरवाल्यांनी ट्रेलरच्या मागे दोन्ही कडांना तांबडे रिफ्लेक्टर आणि चालू असलेला तांबडा दिवा ठेवावा. मागचा दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे, असे नियमात आहे. ऊस लोंबून रिफ्लेक्टर झाकला जातो, तेव्हा भरल्यानंतर मागे जाऊन एकदा पाहावे. बैलगाडीला मोटारीचे नियम नसले, तरी मागे चकाकणारी पट्टी लावायला दोन मिनिटे लागतात. मोटारवाल्यांनी कीट काढून मूळ बल्ब बसवून घ्यावेत आणि समोर गाडी किंवा बैल दिसताच डिपर द्यावा.

ते आमचे सभासद दुसऱ्याच आठवड्यात जुने बल्ब बसवून आले. आम्हाला म्हणाले, "त्या टायरगाडीवर माझ्याच फडातला ऊस होता, हे नंतर कळलं." त्यावर आम्ही काही बोललो नाही.

या हंगामात आपल्या कुणाच्याही दिव्याने कुणाच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ नये आणि प्रत्येक गाडी वजनकाट्यावर आणि परत घरी सुखरूप पोहोचावी, एवढीच विनंती.

जय सहकार!

— संपादक मंडळ